मागच्या सिलिंडरची फट

ड्रिलमधलं पाणी बंद पडलं आणि खुर्चीतला माणूस एकदम ताठ झाला. ओरडला नाही, तोंडात डॉक्टरची दोन बोटं, आरसा आणि लाळ ओढणारी नळी असताना माणूस ओरडणार तरी कसा. त्यानं फक्त टाचा रोवल्या आणि घशातून एक लांबलचक आवाज काढला, दाराबाहेर राहिलेल्या मांजरासारखा. तिनं पेडलवरून पाय उचलला. तोवर तो वास आलाच होता, जळक्या नखासारखा. इतक्या वर्षांत हा वास तिच्या हातून कधी आला नव्हता. "गरम लागलं?" तिनं विचारलं. माणसानं डोळे मिचकावून हो म्हटलं. दवाखान्यात हत्यारं धुणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, "टाकी सकाळीच भरलीये हो डॉक्टर. माझ्याकडे बघू नका." तिनं ड्रिलचं डोकं दिव्याखाली धरलं. डोक्याशी सुईच्या टोकाएवढं भोक असतं, त्यातून पाण्याची चिळकांडी दातावर पडत राहते. दात गार राहतो म्हणूनच तो कोरता येतो, नाहीतर आतला जीव मरून जाईल. त्या भोकात काहीतरी गुलाबी बसलं होतं. दातांचं माप घ्यायच्या मसाल्याची एवढीशी कपची. तिनं बारीक तार घातली, फिरवली, आणि पाणी उसळून त्या माणसाच्या गालावर, कानावर, शर्टाच्या कॉलरवर गेलं.

टाकी भरलेली होती, पंप चालू होता, पाणी नळीतून अगदी टोकापर्यंत येऊन थांबलेलं होतं. त्याला जायला जागा नव्हती, एवढंच.

ती तशीच उभी राहिली. तार हातात, हात हवेत. खिडकीबाहेर एक ट्रक मागे येत होता आणि त्याचा पीं-पीं आवाज एकसारखा चालू होता. तिला समोर दात दिसत नव्हता, कालचा, इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा दिसत होता. बाकीचे तीन काटे एका ठिकाणी शहाण्यासारखे थांबलेले आणि हा चौथा एकटाच चढत निघालेला, कुणी हाक मारली तरी मागे न बघणाऱ्या पोरासारखा. "डॉक्टर," खुर्चीतला माणूस बधिर ओठांतून म्हणाला, "भोक माझ्या दातात आहे ना? मग तुम्ही बघताय कुठे?" ती हसली, माफी मागितली, आणि पुढचं काम हात आपोआप करत गेले. दात भरून झाला तेव्हा तिनं मावशींना विचारलं, "पुढे कोण आहे?" "कवळीवाल्या आजी." "त्यांना उद्या बोलवा." मावशींनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. बाबा गेल्यापासून त्या तिच्याकडे अशा बघत, एखादी कपबशी तडकलीये की नुसती रेघ आहे हे ठरवावं तशा. "बरंय," त्या म्हणाल्या, "आणखी एक दिवस हसू नका म्हणून सांगते त्यांना."

शहर संपतं तिथे गवताची एक धावपट्टी होती आणि तिच्या कडेला पत्र्याच्या शेड. त्यातल्या शेवटच्या शेडमध्ये बाबांचं विमान होतं. बस तिकडे जायला बराच वेळ घेई, आणि तो वेळ तिला नेहमीच कमी पडायचा. आज ती खिडकीशी बसली आणि तळहात काचेवर ठेवला. काच थरथरत होती. निवृत्त झालेला भूगोलाचा मास्तर घरच्या घरी विमान बांधतोय हे ऐकून लोक आधी हसत, आणि मग आवाज खाली आणून आईला विचारत, तब्येत बरी आहे ना त्यांची? आई म्हणायची, तब्येत ठणठणीत आहे, तीच तर अडचण आहे. कित्येक वर्षं बाहेरच्या खोलीत पंख होते आणि पाहुणे स्वयंपाकघरात बसत. शाळेत पोरं बाबांना वारासर म्हणायची, कारण धडा कुठलाही असो, नद्या असोत की लोकसंख्या, तास संपेपर्यंत ते वाऱ्यावर येऊन पोचत. वर्गाची खिडकी उघडायला लावत, मग दार उघडायला लावत, आणि फळ्याजवळचे कागद उडाले की म्हणत, बघा, वारा वाहत नसतो, वारा ढकलला जातो. जिथे दाटी असते तिथून जिथे जागा असते तिकडे. एवढं कळलं की निम्मा भूगोल झाला. ती त्याच शाळेत शिकली. मास्तरांची पोरगी म्हणून तिला मागच्या बाकावर बसावं लागे, आणि कागद उडाले की गोळा करायचं काम तिचंच असे.

इंजिन बसवायची वेळ आली तेव्हा विमान घरात मावेना, म्हणून ते या शेडमध्ये आलं. त्यानंतर बाबा आठवड्यातून एकदा दवाखान्यात येऊन हातमोज्यांची रिकामी खोकी मागू लागले. ती म्हणाली, घ्या, पण कशाला? ते म्हणाले, आडोसे बेतायचेत. त्या वस्तूला बॅफल म्हणतात, पण बाबा आडोसाच म्हणत. ते इंजिन पाण्यानं गार होणारं नव्हतं. चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे पहुडलेले, आणि प्रत्येकाच्या अंगावर धातूच्या पातळ पातळ पाकळ्या, एकीत आणि दुसरीत जेमतेम नख जाईल एवढं अंतर. विमान पुढे जातं तेव्हा नाकावरच्या दोन तोंडांतून वारा आत शिरतो. त्याला मोकळं सोडलं तर तो इंजिनाच्या अंगावरून, बाजूनं, मागून, वाट मिळेल तसा निघून जाणार. "वारा जातीचा आळशी, चिमटे," बाबा म्हणाले होते. लहानपणी तिची बोटं बारीक म्हणून जिथे त्यांचा हात जात नसे तिथला स्क्रू तीच धरायची, तेव्हापासून ती चिमटी. "त्याला फट दिसली की तो कामावर जात नाही. म्हणून चारी बाजूंनी पत्र्याचे आडोसे उभे करायचे, वरून झाकण घालायचं, आणि म्हणायचं, जा आता कुठे जायचं ते. मग तो बिचारा खाली उतरतो, त्या पाकळ्यांमधून, एकेकीला हात लावत." असे तुकडे शेड भरून होते. पत्रा कापायच्या आधी प्रत्येक तुकडा पुठ्ठ्याचा कापायचा, बसवून बघायचा, फेकायचा, पुन्हा कापायचा. ते पुठ्ठे बाबांनी दोरीला ओवून भिंतीवर टांगले होते, आणि प्रत्येकावर कुठे ना कुठे छापलेलं होतं: मध्यम आकार. एकदाच वापरावे.

बाबा बसथांब्याच्या बाकावर गेले. बसले होते तसेच. इस्पितळातून त्यांच्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळाल्या: चष्मा, पाकीट, एक खोडरबर, आणि काळ्या रबराच्या पट्टीचं एक वेटोळं. पट्टी मऊ होती, दोन बोटं रुंद. आईनं पिशवी बघितली आणि म्हणाली, "ही काय आहे?" आणि मग लगेच, "नको, सांगू नको." ती पट्टी बरेच दिवस तिच्या दवाखान्यातल्या खणात, दातांच्या साच्यांशेजारी पडून राहिली. पेशंट नसला की ती तिला हात लावायची. एखाद्या प्राण्याच्या कानासारखी लागायची. एक दिवस ती पट्टी घेऊन बसमध्ये बसली, आणि शेडचं कुलूप उघडलं, आणि तिथे तिनं जे बघितलं ते ती कुणाला नीट सांगू शकली नसती. पत्र्याचे आडोसे चारी बाजूंनी उभे होते, इंजिनाभोवती एखाद्या बुटक्या तटासारखे, आणि त्या तटाच्या कडेवर ओळीनं कागदाला लावायच्या साध्या क्लिपा खोचलेल्या होत्या. कुठे उंच, कुठे बुटक्या, काही तिरक्या. कुणीतरी कडेवरून बोट ओढत नेऊन एक लाट काढावी, तशा. "ते तसंच ठेवलंय मी," मागून आवाज आला. बाबांचा दोस्त. पिकांवर औषध फवारणारी विमानं चालवण्यात त्याचा जन्म गेला होता, सगळे त्याला कप्तान म्हणत, आणि तो शेजारच्या शेडमध्ये खुर्ची टाकून दिवसभर धावपट्टीकडे बघत बसे. "शिंकसुद्धा येऊ दिली नाही इथे मी. क्लिपा उंच उभ्या करायच्या, वरून झाकण दाबून बसवायचं. झाकण जिथे टेकेल तिथवर क्लिपा खाली दबतात. मग झाकण काढायचं. आता ही जी ओळ आहे ना, ती झाकणाची आतली बाजू आहे. डोळ्यांना कधी दिसत नाही ती. हिच्याखाली बोटभर सोडून पत्रा कापायचा, आणि त्या बोटभर जागेत तुझ्या हातातलं ते रबर." तिनं हातातलं वेटोळं उलगडलं. कप्तान म्हणाला, "तुझा बाप झाकण काढून ठेवून रबर आणायला गेला."

बंद पेटीच्या आतली, अंधारातली पोकळी, आणि तिची अशी नक्कल, शाळेतल्या कारकुनाच्या टेबलावरच्या क्लिपांनी केलेली. तिचं अर्धं आयुष्य लोकांच्या बंद तोंडांची मापं घेण्यात गेलं होतं. वरचे दात खालच्या दातांना कुठे टेकतात हे तोंड उघडलं की कळत नाही आणि मिटलं की दिसत नाही. म्हणून डॉक्टर मधे निळा कागद धरतो आणि चावा म्हणतो. तिला वाटलं होतं ही युक्ती फक्त तिच्या धंद्यात आहे. आणि इथे बाप तीच अडचण घेऊन बसला होता आणि त्यानं तिला कधी विचारलंही नव्हतं, आपली आपण सोडवली होती. त्या दिवशी तिनं एकेका क्लिपेखाली पेन्सिलीनं खूण केली, पत्रा कापला, कानशीनं कड घासली, आणि अंधार पडायच्या आत बसनं घरी आली. मग ती दर रविवारी जाऊ लागली, मग बुधवारीही. रबर कसं लावायचं ते कप्तानानं सांगितलं: आत वाकवून. "बाहेर वाकवलंस तर वारा त्याला लाथ मारून उघडेल. आत वाकव. मग तो जितक्या जोरानं येईल तितकं तोच ते झाकणाला दाबून धरेल." हे ऐकून तिनं हातातलं काम खाली ठेवलं होतं. ज्याला पळून जायचंय तोच दार ओढून घेतो. तिनं आयुष्यात बरीच पुस्तकं वाचली होती, पण या वाक्यापाशी ती जितकी थांबली तितकी क्वचितच कुठे थांबली असेल. आणि कप्तानानं आणखी एक सांगितलं, चहा पिता पिता, हवापाण्यावर बोलावं तसं: त्या सिलिंडरच्या आत जी आग पेटते ती सिलिंडरच्या धातूला वितळवून टाकण्याइतकी गरम असते. केव्हाही. वितळत नाही, कारण वितळायच्या आत, दर क्षणाला, बाहेरून वारा ती उष्णता उचलून नेतो. "म्हणजे सगळं वाऱ्यावर आहे?" तिनं विचारलं. "मग? विमान आहे बाई ते. पंख काय आणि इंजिन काय, सगळं वाऱ्यावरच."

ती हे घेऊन घरी जायची. नळाखाली हात धुताना, पेशंटच्या हिरडीला सुई लावताना, आईसमोर बसून जेवताना तिला ती आग दिसायची, आणि तिच्याबाहेर तो हलका, आळशी, न दिसणारा वारा. आपल्याला कधी तो बोटानं धरता येणार नाही, आणि तो नसेल तर लोखंडही टिकणार नाही. आईला ती यातलं काही सांगत नसे. आईचं एकच म्हणणं होतं. "आपल्या घरातला एक गेला तेवढा पुरे. त्या कप्तानाचा जीव कशाला टांगणीला लावतेस?" कारण विमान तयार झालं की ते कप्तानच उडवणार होता, एकटा, पहिल्यांदा. तसं त्याचं आणि बाबांचं ठरलं होतं. बाबा बांधणार, कप्तान उडवणार, बाबा खाली उभे राहून टाळ्या वाजवणार. आता बाबा नव्हते, आणि बांधण्यातला शेवटचा भाग तिच्या हाताचा होता. "काटे चारही सारखे राहिले तर मी बसेन," कप्तान म्हणाला होता. "इंजिन उघडणं माझं काम नाही, चिमटे. ते वर बंद पडलं तर कुठे उतरायचं, तेवढं माझं काम. आणि या धावपट्टीच्या पुढे झाडं आहेत." आईनं अट घातली: एकदा चालवून बघा. तापलं, बिघडलं, काही झालं, तर इंजिन त्या पलीकडच्या शेडमधल्या माणसाला विकायचं. तो मागतोच आहे. बाकीचं भंगारात.

म्हणून तिनं जीव तोडून फटी शोधल्या होत्या. इंजिनाखाली दिवा टांगायचा, शेडची दारं लावायची, आणि वरून बघायचं. जिथे पत्र्याच्या कडेनं उजेड येईल तिथे फट आहे. दवाखान्यातला छोटा आरसा ती बरोबर न्यायची, लांब दांड्याचा, दाढेच्या मागे बघायचा, आणि तो आडोशांच्या कोपऱ्यांत, सिलिंडरच्या पाठीशी घालून बघायची. लाल सिलिकोनची नळी एका हातात, आरसा दुसऱ्या. उजेडाचा ठिपका दिसला की भरायचा, बोटानं सारखा करायचा, पुढे. तिच्या हातांना हे शिकवायला लागलं नाही. भोक दिसलं की ते साफ करून भरणं, यावर तर तिचं घर चालत होतं. कप्तान बघून म्हणाला होता, "बाप रे. याच्यातून आता मुंगी जायची नाही." उजवीकडच्या मागच्या सिलिंडरपाशी तिला सगळ्यांत मोठी फट सापडली होती. पत्रा आणि सिलिंडर यांच्यामधे, वरपासून खालपर्यंत, उजेडाची एक उभी रेघ. तिला आठवलं, ती रेघ बघून तिला किती बरं वाटलं होतं. बाबांच्या हातून राहिलेलं काहीतरी सापडलं होतं. त्यांच्या मागे राहून, त्यांना न सांगता, कागद गोळा करावेत तसं. तिनं ती रेघ हळूहळू, वरून खाली, पूर्ण भरून काढली होती, आणि शेवटी कड इतकी गुळगुळीत केली होती की कुठल्याही परीक्षकानं मान डोलावली असती. उडायची परवानगी देणारा तपासनीसही येऊन बघून गेला आणि त्यानं सही केली. त्याला ती फट दिसली नाही, कारण तेव्हा ती उरलीच नव्हती.

आणि काल पंखा फिरला. शेडबाहेर, चाकांना ठोकळे लावून, शेपटी खुंटीला बांधून. कप्तान आत, ती त्याच्या शेजारी. आई आली नव्हती. पहिल्या धक्क्याला तिच्या बरगड्यांत काहीतरी हललं. आवाज कानातून न येता बसायच्या जागेतून वर आला. गवत मागे झोपलं. तिनं आयुष्यात इतकं काही एका वेळी जिवंत झालेलं पाहिलं नव्हतं. ते बाहेरच्या खोलीतले पंख, ते पुठ्ठे, मध्यम आकार, ते सगळं थरथरत होतं आणि पुढे जायला ओढत होतं. तिचे डोळे भरून आले आणि त्यामुळे काटा तिला उशिरा दिसला. कप्तानाला आधी दिसला. त्यानं हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं. "उजवीकडचा मागचा," तो म्हणाला. पंखा दोनदा कुरकुरला आणि थांबला. तिनं संध्याकाळी आईला खरं ते सांगितलं, कारण लपवून काय होणार. आई म्हणाली, "झालं? मी सांगत होते." तिच्या आवाजात विजय नव्हता. ती भांडी विसळत होती, आणि एकच पातेलं पुन्हापुन्हा. "त्या माणसाला रविवारी बोलव. इंजिन घेऊन जाऊ दे."

बस वळली. धावपट्टी दिसू लागली, संध्याकाळच्या उन्हात पिवळट. ती उतरली आणि जवळजवळ पळतच गेली. कप्तान खुर्चीत होता. "तू आज? आज वार कुठला?" "चावी द्या," ती म्हणाली. "कप्तानकाका, मी एक भोक बुजवलंय." "तू तर जन्मभर तेच करतेस." "तसं नाही हो." पण ती थांबली नाही. झाकण काढायला तो मदतीला आला. तिनं बॅगेतून दवाखान्यातली हत्यारं काढली: आरसा, आकडीसारखी टोकदार सळई, चिमटा. ती इंजिनापाशी वाकली, उजवीकडे, मागे, आणि आपणच इतक्या प्रेमानं भरलेलं ते लाल सिलिकोन उकरू लागली. सिलिकोन लांब तुकड्यांनी निघतं, जुन्या साच्यासारखं. कप्तान दिवा धरून उभा होता आणि तिच्या खांद्यावरून बघत होता. "मला कुणी विचारलं असतं," तो म्हणाला, "तर मी म्हणालो असतो, मास्तर चुकणार नाही." "तुम्ही म्हणालात मुंगी जायची नाही." "ते कौतुक होतं."

अर्धं निघाल्यावर तिनं आरसा आत घातला आणि दिवा मागे घ्यायला सांगितला. तेव्हा तिनं त्या सिलिंडरची पाठ पहिल्यांदा नीट बघितली. बाकी सगळीकडे पाकळ्या खोल होत्या, बोटाचं पेर जाईल अशा. इथे, फक्त या बाजूला, त्या जवळजवळ नव्हत्याच. धातू नुसता रेघांसारखा उठलेला, बोडका. पत्रा त्याला चिकटला तर मधून वाऱ्याचं एक बोटही जाणार नव्हतं. आणि म्हणून पत्रा चिकटलेला नव्हता. जिथे तो स्क्रूनं सिलिंडरला धरला होता तिथे, पत्रा आणि सिलिंडर यांच्यामधे, एक वॉशर होता. साधा, चकचकीत, दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढ्या जाडीचा. तो पत्र्याला सिलिंडरपासून तेवढाच दूर धरून होता, सरळ खालपर्यंत. वॉशर पडून राहिलेला नव्हता, विसरलेला नव्हता. तिनं आरसा आणखी वर नेला आणि तिचा हात थांबला. फटीच्या तोंडाशी पत्र्याची कड कापलेली नव्हती. ती बाहेरच्या बाजूला वळवलेली होती, सावकाश, ओठासारखी, म्हणजे वरून येणारा वारा अडखळू नये, आत घसरत जावा. एवढं कुणालाही दिसणार नव्हतं. झाकण लागल्यावर तर देवालाही नाही. तरी ती कड कानशीनं घासून, मग बारीक कागदानं घासून, इतकी गुळगुळीत केलेली होती की आरशात दिव्याचा एक लांब, न तुटलेला धागा दिसत होता. त्यावर कुठेतरी त्यांच्या अंगठ्याचा ठसा असेल. असला तरी तिनं तो सिलिकोननं पुसला असणार.

कप्तानाला कळेना, बाई अशी का थांबली. "काय आहे?" तो म्हणाला. "मेलेला उंदीर वगैरे?" बाबा घरात फार बोलत नसत, वारा सोडला तर. जे बोलायचं त्याच्या आधी एक जागा सोडून द्यायचे. आई म्हणायची, बोला की आता, दूध उतू जातंय. त्या जागेत तिनं नेहमी काहीतरी भरलं होतं. तुम्हाला असं म्हणायचंय का, तुम्हाला तसं म्हणायचंय का. आणि ते मान हलवायचे, बरं म्हणायचे. आता ती त्या फटीकडे बघत होती, आणि तिला वाटलं, सबंध तट वाऱ्याला अडवायला बांधायचा आणि एका ठिकाणी, नेमकं एका ठिकाणी, तो पत्राच जरा मागे सरकवून त्याला सांगायचं, तू इथून. हे ज्याला सुचलं त्यानं वारा किती बघितला असेल. तो काही ढकलून कामाला लावायची वस्तू म्हणून बघितला नसेल. "बघा ना तुम्ही," ती म्हणाली आणि आरसा त्याच्या हातात दिला. कप्तानानं चष्मा कपाळावर सरकवला, वाकला, बराच वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा तो आरशाच्या दांड्याकडे बघत होता. "मास्तर," तो म्हणाला. त्यानं आरसा तिला परत दिला. मग तो म्हणाला, "राहिलेलं काढ. पण हळू. तो ओठ वाकवू नकोस."

रविवारी इंजिन मागणारा माणूस आला, हातात नट सोडवायचे पाने, बरोबर हातगाडी. आईही आली. तीच म्हणाली होती, एकदा शेवटचं बघते आणि देते. चांगली साडी नेसून आली होती, कुणाला पोचवायला जावं तशी. शेडपासून लांब, गवताच्या कडेला उभी राहिली, पर्स दोन्ही हातांत धरून. "तू आत बसू नकोस," ती म्हणाली. "बसायचं नाहीये, आई. मी बाहेरून काटे बघणार." पंखा फिरला. गवत झोपलं. ती खिडकीतून आत बघत होती आणि चार काटे बघत होती. ते उठले. एकमेकांकडे न बघता, एकमेकांना सोडून न जाता, चार माणसं एकाच बाकावर बसावीत तसे, वर येत गेले आणि एका रेघेशी थांबले. कप्तानानं वेग वाढवला. काटे जरा हलले, एकत्रच, आणि पुन्हा थांबले. तो तिच्याकडे बघेना. समोर झाडांकडे बघत होता. मग त्यानं काचेवर बोटानं टकटक केलं आणि ठोकळे काढायची खूण केली. ती आईकडे बघून काही म्हणणार होती, पण आई तिच्याकडे बघत नव्हती. तिनं वाकून ठोकळे काढले. हातगाडीवाला म्हणाला, "म्हणजे माझं काय?"

विमान धावलं, धावलं, आणि मग चाकं आणि गवत यांच्यामधे फट पडली. एवढीशी. मग ती वाढत गेली. तिला आधी आवाज ऐकू आला नाही. आवाज होताच, पण तिला वाटलं सगळीकडे शांत झालंय. त्या क्षणी तिथे आत, त्या पत्र्याच्या तटात, वारा खाली उतरत होता, एकेका पाकळीला हात लावत, आणि मागे उजवीकडे, त्या ओठावरून, दोन नाण्यांएवढ्या जागेतून. आग आत होती आणि वारा बाहेर होता आणि मधे बोटभर धातू होता आणि तो वितळत नव्हता. तो आत्ता वितळत नव्हता, आणि आत्ताही नाही. ती हे प्रत्येक क्षणाला नव्यानं कळल्यासारखी उभी होती. झाडांवरून विमान वळलं, लहान झालं, खिळ्याएवढं झालं, आणि मग त्याच वाटेनं मोठं होत परत आलं. हातगाडीवाला टाळ्या वाजवू लागला, एकटाच, मोठ्यानं.

कप्तान पंखाला धरून सावकाश उतरला. "कशाला बघतेस, म्हातारा आहे मी," तो म्हणाला आणि गवतात बसला. "सगळे सारखे होते, चिमटे. चारही. वर तर आणखी गार." त्याला पाणी हवं होतं. ती बाटली आणायला वळली, तेव्हा तिनं पाहिलं की आई विमानाजवळ गेली आहे. इतक्या वर्षांत, ते घरात होतं तेव्हाही, आई त्याला वळसा घालूनच जायची. आता ती नाकासमोर उभी होती. पंखा थांबलेला होता. आत धातू टिक्, टिक् करत आकसत होता. आईनं नाकावरच्या तोंडाशी हात नेला आणि चटकन मागे घेतला, आणि पुन्हा नेला. "अगं, इथून गरम येतंय," ती म्हणाली. "इथून तर आत जातो ना वारा? ते सांगायचे."

"उडताना आत जातो. थांबलं की उलटा येतो, आई. आतलं गरम वर चढतं आणि आलेल्या वाटेनं बाहेर येतं."

आईनं पर्स खांद्याला अडकवली आणि दुसरा हातही पुढे केला. दोन्ही तळहात त्या तोंडाशी धरून ती उभी राहिली. जरा वेळानं तिनं विचारलं, "किती वेळ येतं हे?"

"गार होईपर्यंत."

"मग तुम्ही आवरा तुमचं," आई म्हणाली. "मी थांबते."